आकडा सांगू नका

ईरा, नील,

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. तळ्यापलीकडे झाडांची काळी रेघ आणि तिच्यावर तो हिरवट ठिपका, मागे पुसटशी शेपटी. फोटो चांगला आहे. खाली नीलने विचारलंय, "आजी, ॲपमध्ये ह्या धूमकेतूचा ब्राइटनेस खूप दाखवतात, पण आम्हाला तेवढा दिसला नाही. ॲपच बरोबर असेल ना?"

हा प्रश्न तुम्ही चुकीच्या आजीला विचारलात. ज्यांना विचारायचा त्या वासनिकबाई उन्हाळ्यात वारल्या. समोरच्या दारातल्या. तुम्ही मागे नोएडाला आला होतात तेव्हा त्यांना 'चश्मेवाली आजी' म्हणायचात, आणि त्या म्हणायच्या, "चश्मेवाली नाही, चश्मा काढणारी."

तुमच्या आईचं म्हणणं, मी तुम्हाला मराठीत लिहावं, सोपं लिहावं आणि क्रमाने लिहावं. क्रमाने लिहायची सवय मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावली आहे. पण वासनिकबाई क्रमात बसणाऱ्या नव्हत्या, तेव्हा जमेल तसं लिहिते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर. ती क्वार्टर्स आता पाडली. संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गेले होते. कठड्याशी एक ठेंगणी बाई पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. चश्मा काढायची, बघायची, पुन्हा लावायची, पुन्हा काढायची. खालच्या मजल्यावरच्या खुराना आंटी पापड गोळा करत होत्या. त्यांना राहवलं नाही.

"बहनजी, चश्मे का नंबर बदल गया है क्या?"

"नंबर बिल्कुल ठीक है," बाई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या. "इसीलिए तो उतार रही हूँ।"

खुराना आंटींनी माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं आणि पापडांचं सूप घेऊन त्या खाली गेल्या. मी स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटले असेन, कारण बाई लगेच म्हणाल्या, "मराठी का? मग इकडे या. तुम्हाला चश्मा आहे? छान. काढा."

अशी आमची ओळख झाली. नाव-गाव नंतर. त्या नागपूरच्या, नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात नोकरीला. यजमान लवकर गेलेले, एक मुलगा शाळेत. आणि छंद धूमकेतूंचा. धूमकेतू आकाशात कुठल्या ताऱ्याजवळ आहे, किती तेजस्वी आहे, काल होता तिथून कुठे सरकला, हे जमेल त्या प्रत्येक संध्याकाळी बघायचं आणि महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांच्या एका गटाला कळवायचं. अशा पुष्कळ लोकांच्या बघण्यातून त्या धूमकेतूचा उजेड कसा चढला आणि कसा उतरला याची रेघ तयार होते. ती रेघ त्यांना नकाशाइतकीच जवळची होती.

आता चश्म्याचं. तारा असतो टाचणीच्या टोकासारखा, धूमकेतू असतो कापसाच्या बोळ्यासारखा. टोकाची आणि बोळ्याची तुलना कशी करणार? वासनिकबाईंची दूरची नजर कमजोर होती. चश्मा काढला की तारासुद्धा पसरून बोळा व्हायचा. मग बोळ्याशी बोळा लावून बघायचा: ह्या ताऱ्यापेक्षा उजळ, त्या ताऱ्यापेक्षा मंद. जगातले सगळे लोक जे व्यंग म्हणून डॉक्टरकडे नेतात, ते ह्या बाईने हत्यार म्हणून वापरायला काढलं होतं. धूमकेतू फार मंद असला की दुर्बीण घ्यायच्या आणि तिचं चाक फिरवून तारे पसरवायच्या. पण नुसत्या डोळ्यांनी दिसणारा आला की चश्मा काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जी ऐट यायची ती बघण्यासारखी असे.

त्यांचा दुसरा नियम तुमच्या प्रश्नाशी संबंधित आहे. बघायच्या आधी दुसऱ्याचा आकडा ऐकायचा नाही. वर्तमानपत्रात काय छापलंय, गटातल्या कुणाला किती उजळ दिसला, गणिताने किती दिसायला हवा, काहीही नाही. चुकून कुणी सांगायला लागलं तर दोन्ही हातांनी कान झाकायच्या. "आकडा कानात गेला की डोळा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. "मुद्दाम नाही हो. भिडस्त असतो बिचारा. सगळ्यांना तेवढा दिसला ना, मग मलाही तेवढाच दिसला, म्हणून टाकतो."

हा नियम त्यांनी आकाशापुरता ठेवला नाही. आम्ही दोघी निवृत्तीनंतर नोएडाच्या ह्या सोसायटीत आलो, आमने-सामने फ्लॅट घेतले. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा मी काहीतरी ऐकून आले होते, ते सांगायला त्यांच्याकडे गेले. ते लोक असे आहेत म्हणे, तसे आहेत म्हणे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कान झाकले.

"लेलेबाई, आकडा नको. मी वर जाऊन बघून येते."

गेल्या, तासभर बसून आल्या, येताना वाटीभर राजमा घेऊन आल्या. मी विचारलं, "कसे आहेत?" म्हणाल्या, "तुम्ही जा की. मी सांगितलं तर तुमच्या कानात माझा आकडा जाईल."

पुढे एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या की दिल्लीत बदली होऊन आल्या तेव्हा भाड्याचं घर शोधत फिरत होत्या. मराठी माणसांची घरंसुद्धा बघितली. सगळीकडे चहा मिळायचा, खोली दाखवायचे, आणि मग विचारायचे, पूर्ण नाव काय? नाव सांगितलं की खोली कालच कुणालातरी दिलेली असायची. "त्यांनी मला पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "आकडा ऐकला आणि पाहिलं म्हणून टाकलं." हे त्यांनी कढी उकळू नये म्हणून ढवळत ढवळत सांगितलं आणि विषय बदलला. मला ढवळण्याचा आवाज आठवतो.

सोसायटीत आल्या आल्या त्यांचं सेक्रेटरी चड्ढासाहेबांशी वाजलं. त्यांनी गच्चीला कुलूप घातलं होतं. सुरक्षेसाठी म्हणे.

"मॅडम, ऊपर कोई जाता ही नहीं है।"

"ताला लगा है, तो जाएगा कौन?"

"आप लिखकर दीजिए, मीटिंग में रखेंगे।"

"लिखकर आप दीजिए, कि छत आपकी है।"

दुसऱ्या दिवसापासून सूर्य बुडायच्या सुमाराला त्या शेवटच्या मजल्यावर, कुलपासमोर, घडीची खुर्ची टाकून बसायला लागल्या. मोठ्याने काही बोलायच्या नाहीत. येणारा-जाणारा विचारायचा, तेव्हा खरं ते सांगायच्या. आठवडा संपायच्या आत किल्ली मिळाली. चड्ढासाहेब पुढे त्यांना 'कॉमेट आंटी' म्हणायला लागले आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचे.

आता गेल्या वर्षीचं सांगते. तो धूमकेतू फार लांबून आलेला. त्याची वाट इतकी लांब की पुन्हा येईल तेव्हा कुणी नसेल, बहुधा येणारच नाही. वासनिकबाई वर्षभर त्याची वाट बघत होत्या, आणि नेमका त्याच वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला.

उन्हाळ्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मी बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण, हसतमुख. म्हणाले, "आंटीजी, ऐसा लेंस डालेंगे कि दूर का चश्मा हमेशा के लिए छूट जाएगा।"

"नको," बाई मराठीतच म्हणाल्या, मग सावरून, "नहीं डॉक्टरसाहब। जितना नंबर अभी है, उतना ही रहने दीजिए।"

"आंटीजी, लोग चश्मा उतरवाने आते हैं मेरे पास।"

"मुझे भी उतारना है। पहना ही नहीं तो उतारूँगी क्या?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. शेवटी त्यांनी तसंच भिंग घातलं, दूरचं धूसर ठेवणारं. तसं घालता येतं, फक्त कुणी मागत नाही.

पट्टी निघाल्यावर बाई तिसऱ्याच गोष्टीने चकित झाल्या. जग निळं झालं होतं. जुना डोळा इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघत होता आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. माझी पांढरी साडी त्यांनी एका डोळ्याने पाहिली, मग दुसऱ्याने, आणि खुर्चीत बसून राहिल्या.

"लेलेबाई, घोटाळा झाला. हा डोळा जास्त उजळ बघतोय. म्हणजे आता मी जे सांगेन ते आधीच्या सगळ्याशी जुळणार नाही."

"मग?"

"वाण्याने तराजू बदलला तर काय करायचं? बटाट्याची एकच पिशवी जुन्यावर तोलायची आणि नव्यावर तोलायची. फरक कळला की झालं. पण पिशवी धूमकेतूचीच पाहिजे. त्याचा रंग वेगळा, पसरणं वेगळं. ताऱ्यावर भागत नाही."

म्हणून त्यांनी डावा डोळा राखून ठेवला. धूमकेतू येऊन विरून जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. इतका तेजस्वी धूमकेतू पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता, आणि जुना डोळा काही थांबणार नव्हता. आयुष्यभर जे बघितलं ते आणि यापुढे जे बघतील ते, यांना जोडणारा तो एकच टाका होता. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू कडक होतोय, उशीर केलात तर ऑपरेशन अवघड होईल. पुण्याहून मुलगा, निखिल, रोज फोन करायचा. दोन डोळ्यांचा मेळ नाही, पायरीचा अंदाज चुकतो, आई एकटी राहते. त्याचंही चुकत नव्हतं. त्याने सरळ सांगितलं होतं, "आई, पडलीस तर मी येऊन तुला घेऊन जाणार. फ्लॅट विकून टाकू." त्याला फोन बंद करायची घाई असायची आणि हिला उत्तर द्यायची नसायची.

पावसाळा सरला आणि धूमकेतू आला. पश्चिमेला, सूर्य बुडाल्यावर, शुक्र आणि स्वातीच्या मधे. आम्ही दोघी गच्चीवर. बाईंनी चश्मा काढला, डावा डोळा तळव्याने झाकला, बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. पुन्हा पहिला. खालून गाड्यांचे हॉर्न येत होते, कुणीतरी पनीर भाजत होतं, आणि ही बाई लहान मुलं लपाछपी खेळतात तशी हात बदलत उभी होती. मग म्हणाल्या, "दोघंही खरं बोलतायत. पण दोघांत अंतर आहे."

चार-पाच दिवसांनी गटातल्या एका गृहस्थांचा फोन आला. सगळ्यांचे आकडे गोळा करायचं काम त्यांच्याकडे होतं. बाईंनी त्या दिवसाचं बघून झालं होतं म्हणून फोन घेतला आणि मला ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"वासनिकबाई, तुमचा धूमकेतू सगळ्यांपेक्षा बराच मंद आहे हो. दिल्लीत धूर फार ना?"

"धूर आहे की. पण स्वातीही त्याच धुरात आहे. त्याच उंचीवरचा तारा घेऊन तुलना केली आहे."

"तरी पण. ऑपरेशनही झालंय तुमचं. एकदा पुन्हा विचार करून बघा ना."

रागावल्या की त्यांच्या 'कशाला'चं 'काहून' व्हायचं. "विचार करून आकडा ठरवायचा होता तर मी वर काहून चढले असते? खाली बसूनच केला असता."

"नाही, म्हणजे बाकी सगळ्यांचं एकमत आहे..."

"त्यांनी एकमेकांचं ऐकलंय का ते विचारा. माझा आहे तसा ठेवा. नको असेल तर गाळून टाका. पण बदलू नका."

ते गाळले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुढे त्यांनी आलेख पाठवला. सगळे ठिपके एका रेघेभोवती गोळा झालेले, आणि खाली एकटे, आपली रांग धरून, वासनिकबाईंचे. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला. भाजीवाल्यालाही दाखवला, "ये मैं हूँ।" कोण बरोबर होतं? मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. धूमकेतू तर निघून गेला, त्याला परत बोलावून तोलता येत नाही.

दिवाळीच्या आसपास गच्चीच्या जिन्यावर त्यांची एक पायरी चुकली. मी दोन पायऱ्या खाली होते. त्या कठड्याला धरून बसल्या, गुडघ्याला रक्त आलं होतं. मी म्हटलं, निखिलला कळवायलाच हवं.

"कळवा. पण पाहिलं ते सांगा. एक पायरी चुकली, गुडघा खरचटला, उठून चालत घरी आली. नुसतं 'पडली' म्हणून आकडा सांगू नका."

मी तसंच सांगितलं, शब्द न् शब्द. निखिल तरीही दुसऱ्या दिवशी विमानाने आला. दारातून आत येतानाच म्हणाला, "आई, बास झालं. उद्या डॉक्टर, परवा पुणे."

"आधी चहा घे. मग वर चल."

"मी कुठेही येत नाही."

"नको येऊस. मी जाते."

तो निमूटपणे मागून जिना चढला, तिचा दंड धरून. तोवर धूमकेतू बराच वर सरकला होता आणि इतका विरला होता की दुर्बिणीशिवाय दिसत नव्हता. निखिलने खिशातून फोन काढला. "हे बघ, ॲप सांगतंय की आता तो..."

तिने दोन्ही कान झाकले. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस आईसमोर फोन धरून तसाच उभा राहिला. मग तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली.

"फोन ठेव. तुला काय दिसतं ते सांग."

त्याला बराच वेळ सापडला नाही. ती हाताने वाट दाखवत होती, ह्या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर, नकाशा वाचून दाखवावा तशी. मग सापडला. दुर्बीण खाली न घेता म्हणाला, "श्वास सोडल्यावर काचेवर वाफ राहते, तसं."

"हं. आता एक डोळा झाक. आता दुसरा. सारखं दिसतं?"

"सारखंच."

"तुझं सारखं आहे. माझं नाही. ते किती, तेवढंच मला मोजून घ्यायचं आहे. ते झालं की डोळा डॉक्टरचा."

"आणि पुणे?"

"त्याबद्दल मी काही बोललेले नाही."

तो राहिला. कुरकुरत राहिला. दिवसभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसशी भांडायचा आणि संध्याकाळी खुर्ची उचलून वर न्यायचा. हवा रोज दाट होत होती, धूमकेतू रोज विरत होता. एका संध्याकाळी बाईंनी आधी नव्या डोळ्याने पाहिलं, मग जुन्या डोळ्याने, मग दुर्बीण गळ्यात सोडून चश्मा लावला.

"जुन्याला गेला. नव्याला आहे अजून, जेमतेम."

आणखी काही दिवसांनी नव्यालाही गेला. 'दिसला नाही' हेही त्यांनी गटाला कळवलं. न दिसणंसुद्धा पाहिलेलंच असतं, असं त्यांचं म्हणणं. दोन तराजूंमधला फरक त्यांना मिळाला होता. दुसऱ्याच आठवड्यात त्या स्वतः डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी वाद घातलाच नाही, म्हणाले, "वही नंबर, आंटीजी?" निखिल एकटाच पुण्याला परत गेला.

त्यांचं हृदय ह्या उन्हाळ्यात थांबलं, दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत. त्याबद्दल मला लिहायचं नाही. मला त्याआधीची एक संध्याकाळ लिहायची आहे.

थंडी सरत होती. धूर जरा हलला होता. मी गच्चीवर गेले तर बाई कठड्याशी उभ्या होत्या, चश्मा गळ्यात दोरीला लटकलेला, नुसत्या डोळ्यांनी वायव्येकडे बघत.

"आता काय बघताय? धूमकेतू तर गेला."

"पुढचा येईल तेव्हा तुलनेला कोणते तारे धरायचे, ते बघून ठेवते. दोन्ही डोळे नवीन आहेत आता. ओळख करून द्यायला नको?"

मी त्याच सकाळी वर्तमानपत्रात वाचलं होतं की नवीन एक धूमकेतू सापडला आहे, शरदात दिसेल. तोच तो, जो तुम्ही तळ्याकाठी पाहिलात. मी म्हटलं, "अहो, बातमी आहे. पुढचा येतोय. किती तेजस्वी होणार तेही दिलंय, म्हणतात की..."

त्या माझ्याकडे वळल्या होत्या. मागे नोएडाचं तांबूस आकाश, आणि दोन्ही तळवे कानांवर घट्ट.